आठवण आधी लिहा, कॅसेट नंतर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुणपणी प्रत्यक्ष ऐकलेल्या बँडच्या आणि ऑर्केस्ट्राच्या आठवणी वाचक सध्या आपल्या पुरवणीत लिहीत आहेत. नाशिकहून मुंबईला जाऊन ‘द पोलीस’ किंवा ‘रॉक मशीन’ ऐकणारी पिढी आज साठी-सत्तरीत आहे. गणेशोत्सवात मंडपासमोर उभे राहून ‘अबा’ आणि ‘बोनी एम.’ची गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रांवर जीव टाकणारी मंडळीही त्याच वयाची. आयोजकांच्या फायलीत तिकीटविक्रीचा आकडा सापडेल, पण विसाव्या रांगेत आवाज कसा येत होता, मधल्या काळोखात लोक काय ओरडत होते आणि परतीच्या एसटीत कोणते गाणे चालू होते, हे फक्त ऐकणारेच सांगू शकतात. म्हणून हा उपक्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मात्र त्याचा एक परिणाम आम्हाला दिसतो आहे आणि तो तातडीने सांगायला हवा. आठवणी वाचून लोक कपाटे उघडू लागले आहेत. आतून त्या कार्यक्रमात मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली एखादी कॅसेट निघते आणि घरात जे यंत्र सापडेल त्यात ती लगेच घातली जाते. तीस-चाळीस वर्षे न हललेली फीत जुनाट डेकमध्ये पहिल्याच फेरीत गुंतते, सुरकुतते, कधी तुटते. जगात त्या कार्यक्रमाची तेवढी एकच नोंद असते. अर्धवट माहितीने फार नुकसान होते, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

पहिली विनंती कॅसेटबद्दल नाहीच. कॅसेट ऐकण्याआधी आठवण लिहून काढा. एकदा रेकॉर्डिंग ऐकले की मूळ आठवण आणि नुकतेच ऐकलेले यांची सरमिसळ होते आणि पुन्हा ती वेगळी करता येत नाही. इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ पाहूनही हेच होते. त्याच दौऱ्यातल्या दुसऱ्या शहरातला प्रसंग ‘आपल्या’ कार्यक्रमात येऊन बसतो. त्यामुळे कागद, पेन आणि कोरे डोके, एवढ्यावरच सुरुवात करावी. चार मित्र मिळून गेले असतील तर चौघांनी वेगवेगळे लिहावे आणि मगच एकमेकांचे वाचावे. एकत्र बसून गप्पा मारत लिहिले की सर्वांत ठामपणे बोलणाऱ्याची आठवण चौघांची होते.

घरातल्या ज्येष्ठांची आठवण नातवंडे लिहून घेणार असतील तर प्रश्न उघडे ठेवावेत. “त्यांनी अमुक गाणे म्हटले होते ना?” असे विचारले की उत्तर ‘हो’ येते. त्याऐवजी विचारावे : घरून किती वाजता निघालात? मैदानात कोणत्या बाजूने शिरलात? बसायला काय होते, खुर्ची, सतरंजी की जमीन? दिवे गेल्यावर पहिला आवाज कशाचा आला? तिकिटाचे पैसे कोणी दिले? परत कसे आलात? ही प्रवासाची आणि बसण्याची माहिती लोकांना चांगली आठवते, आणि पुढे तारीख पडताळायला तिचाच उपयोग होतो. गाण्यांचा क्रम मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. बहुतेकांना पहिले गाणे, शेवटचे गाणे आणि मध्ये काहीतरी बिघडले तो क्षण एवढेच पक्के आठवते. बाकीचा क्रम सलग सांगितला जात असेल तर तो नंतर घेतलेल्या अल्बमच्या क्रमाशी ताडून पाहावा. बरेचदा तो तिथूनच आलेला असतो.

आठवण चुकीची निघाली म्हणून खोडू नये. जसे सांगितले तसे ठेवावे आणि पडताळणीची टीप शेजारी लिहावी. चूक कुठे होते हेही कामाचे असते. उदाहरणार्थ, “१९८८ मध्ये दिल्लीत पोलीस बँड पाहिला” असे कोणी सांगितले, तर तो माणूस खोटे बोलत नसतो. ३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये ॲम्नेस्टीच्या मानवी हक्क दौऱ्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, यूसू एन्दूर यांच्यासोबत स्टिंग गायला होता. पोलीस बँड तोवर थांबलेला होता, पण गायक तोच. पोलीसचा १९८० चा मुंबईतला कार्यक्रम आणि १९८८ ची दिल्ली या दोन गोष्टी डोक्यात एक होणे अगदी स्वाभाविक आहे. ‘अबा’चे तसेच. त्यांचा शेवटचा दौरा मार्च १९८० मध्ये जपानमध्ये संपला आणि भारतात त्यांचा कार्यक्रम कधी झाला नाही. “आम्ही अबा पाहिले” असे सांगणाऱ्याने बहुधा १९७७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरचा चित्रपट पाहिलेला असतो किंवा त्यांची गाणी हुबेहूब म्हणणारा एखादा ऑर्केस्ट्रा. तो ऑर्केस्ट्राही नोंदवण्यासारखाच आहे. किंबहुना नाशिकपुरता तोच जास्त महत्त्वाचा, कारण अबाची नोंद ठेवणारे जगभर आहेत. मेन रोडवरच्या मंडपात कीबोर्ड वाजवणाऱ्याची नोंद ठेवणारे कोणी नाही.

तारीख ठरवायला काही खुणा फार उपयोगी पडतात. ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले, तेव्हा तिकिटावर किंवा पोस्टरवर कोणते नाव आहे यावरून काळ कळतो. जाहिरातीच्या पत्त्यात पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. रुपयाचे ₹ हे चिन्ह असेल तर २०१० नंतरची. पंचवटी एक्स्प्रेस १ नोव्हेंबर १९७५ पासून धावते, त्यामुळे त्याआधीच्या कार्यक्रमाला कोणी ‘पंचवटीने गेलो’ म्हणत असेल तर वर्ष तपासावे. शिवाय परतीची पंचवटी मुंबईहून संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते. रात्रीचा कार्यक्रम पाहून तिने परत येणे शक्यच नाही. मग परत कसे आले, दादरहून टॅक्सीने की रात्रीच्या एसटीने, हे विचारले की पुढची आठवण मोकळी होते. मोकळ्या मैदानातला कार्यक्रम पहाटेपर्यंत चालला असेल, तर तो बहुधा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांआधीचा. त्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद केले. नाशिककरांना सिंहस्थाची वर्षे पाठ असतात. १९९१, २००३, २०१५ या वर्षांच्या आधी की नंतर, असे विचारले की बरेच जण वर्षाच्या फार जवळ येतात.

वारही पाहावा. मायकल जॅक्सनचा अंधेरी क्रीडा संकुलातला कार्यक्रम १ नोव्हेंबर १९९६ रोजी झाला, तो शुक्रवार होता. रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले ती ७ एप्रिल २००३, सोमवार. नोकरी करणाऱ्या माणसाने त्या दिवशी रजा टाकलेली असणार. ‘रविवार होता’ असे आठवत असेल तर दुसऱ्याच कार्यक्रमाची आठवण मिसळली आहे का, हे हळुवारपणे विचारावे.

आता कॅसेट.

हातात घेतल्यावर आधी खिडकीतून फीत पाहा. गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके किंवा भुरी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नये. बुरशी हेडला, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. ती प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी आणि हाताळताना तोंडाला मास्क लावावा. नाशिकमध्ये हे काम पावसाळ्यात करूच नये. जुलै ते सप्टेंबर जुन्या वाड्यांतल्या भिंतीतल्या कपाटांत इतकी ओल असते की सुकवलेली फीतही पुन्हा दमट होते. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ उत्तम.

मग वरच्या काठावरचे दोन छोटे प्लास्टिकचे दाते तोडा. ते असतील तर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेल्यास सगळे पुसले जाते. दात्यांच्या जागी कोणी सेलोटेप चिकटवली असेल तर ती काढा. त्यानंतर खालच्या उघड्या बाजूने मधोमध असलेली फेल्टची छोटी गादी पाहा. ती फितीला हेडवर दाबून धरते. मागचा गोंद वाळून ही गादी गळून पडणे हा जुन्या कॅसेटचा सर्वांत नेहमीचा दोष. गादी नसताना वाजवले तर आवाज दबका, येत-जात ऐकू येतो आणि लोकांना वाटते रेकॉर्डिंगच गेले. फितीला काहीही झालेले नसते.

अशा वेळी दोन्ही गुंडाळ्या चांगल्या कवचात हलवाव्या लागतात. पाच स्क्रूंनी जोडलेली एखादी रिकामी कॅसेट त्यासाठी घ्या. ताटात काम करा, म्हणजे स्क्रू हरवत नाहीत. उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही बाजूंचे पातळ घसरकागद आणि कोपऱ्यांतल्या दोन चकत्या जागच्या जागी बसल्या पाहिजेत आणि फीत त्या चकत्यांच्या बाहेरून गेली पाहिजे. घसरकागद विसरला की कॅसेट जड फिरते आणि अडकते. मूळ कवच चिकटवलेले असेल तर सांध्यावर पातळ पाते घालून एका कोपऱ्यातून हळूहळू उघडावे, मध्येच जोर लावू नये. फीत तुटली असेल तर दोन्ही टोके तिरकी कापून, एकमेकांवर न चढवता शेजारी टेकवून, मागच्या बाजूने फीत जोडायची खास स्प्लाइसिंग टेप लावावी. साधी सेलोटेप कधीही नको. तिचा गोंद उन्हाळ्यात बाहेर येतो आणि शेजारच्या वेटोळ्याला चिकटतो.

किती मिनिटांची कॅसेट आहे यावर बरेच अवलंबून असते. साठ मिनिटांच्या कॅसेटमधली फीत साधारण १८ मायक्रॉन जाडीची, नव्वदची १२, एकशेवीसची जेमतेम ९. पूर्ण कार्यक्रम मावावा म्हणून चाहत्यांनी नेमक्या एकशेवीसच्या कॅसेट नेलेल्या असतात. त्यांना फास्ट फॉरवर्ड-रिवाइंड करू नका. आधी पेन्सिल घालून हाताने पाच-दहा वेढे फिरवून गुंडाळी मोकळी आहे ना ते पाहा, मग साध्या वेगाने, आवाज बंद ठेवून, एकदा शेवटपर्यंत जाऊ द्या. साठ-नव्वदच्या कॅसेट सुस्थितीतल्या डेकवर एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळल्या तरी चालतात. त्याने ताण सगळीकडे सारखा होतो.

डेक घरातला वापरायचा असेल तर तो आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर तासभर चालवून पाहा. आतला रबरी पट्टा सैल झाला असेल तर सूर हेलकावतो, आणि विरघळून काळा डांबरासारखा झाला असेल तर दुरुस्तीशिवाय पुढे जाऊ नका. हेड आणि फीत ओढणारी कॅपस्टनची धातूची दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावी. कोरोनाकाळातले सॅनिटायझर वापरू नये, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. त्या दांडीवर फीत दाबून धरणारा रबराचा पिंच रोलर किंचित साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. तो चकचकीत आणि कडक झाला असेल तर फीत तिथेच गुंतते.

यानंतरची पायरी बहुतेक दुकानांत केलीच जात नाही, आणि आवाजातला सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. ज्या रेकॉर्डरवर कार्यक्रम भरला त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकच्या हेडपेक्षा थोडा वेगळा असतो. त्या कोनफरकामुळे झांजा, हाय-हॅट, टाळ्या, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ मऊ पडतात. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. आवाज मोनो करून, गाणे चालू असताना तो अगदी थोडा-थोडा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, फिरवत जा आणि टाळ्या सर्वांत स्पष्ट ऐकू येतील तिथे थांबा. सुरुवातीची जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. दुसरी बाजू वाजवताना पुन्हा तपासा. ‘अ’ आणि ‘ब’ बाजूंचा कोन एकच असेल असे नाही.

आपल्याकडचे बहुतेक हातातले रेकॉर्डर मोनो होते. मोनोचा पट्टा फितीवर सुमारे १.५ मिलिमीटर रुंद असतो. स्टिरिओ डेक त्याच पट्ट्याच्या दोन कडा दोन वेगळ्या चॅनेलमध्ये वाचतो. कोन जुळल्यावरही एक चॅनेल खरखरीत असेल तर दोन्ही मिसळू नका, चांगला तेवढाच घ्या. खरखर कमी करणारे डॉल्बीचे बटण बंद ठेवा, कारण हातातल्या रेकॉर्डरमध्ये ती सोय बहुधा नसे आणि बटण चालू राहिले तर तीव्र स्वर आणखी दबतात. टेपचा प्रकार ‘नॉर्मल’ ठेवा. फक्त कॅसेटवरच क्रोम लिहिले असेल आणि वर दात्यांशेजारी जादा खाच असेल, तर क्रोम.

संगणकाला जोडून थेट एमपी३ करणारी स्वस्त खेळण्यासारखी यंत्रे ऑनलाइन मिळतात. ती घेऊ नयेत. त्यांचा वेग स्थिर नसतो, हेडचा कोन नीट जुळवता येत नाही आणि आवाजाची पातळी यंत्र स्वतःच वरखाली करते. चांगल्या डेकच्या ‘लाइन आउट’मधून साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकासाठी अंकांत बदलणारी पेटी), आणि तिथून संगणकात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, ही पद्धत ठेवावी. जागेची चिंता असेल तर ४८ किलोहर्ट्झ, त्याखाली नको. ९६ ला तासाला साधारण दोन जीबी लागतात, ४८ ला एक. कार्यक्रमातला सर्वांत मोठा आवाज, म्हणजे बहुतेकदा टाळ्या आणि ड्रम, मीटरवर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शून्यावर पोचला की आवाज फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही.

बाजू सुरू होण्याआधीच्या शांततेपासून शेवटच्या खटक्यापर्यंत सगळे घ्या. निवेदकाचे बोलणे, गिटार लावण्याचा आवाज, शेजाऱ्याची शिट्टी, ‘खाली बसा’ असे ओरडणारा माणूस, यातले काहीही कापू नका. तारीख, जागा आणि प्रायोजकाचे नाव अनेकदा निवेदकाच्या एका वाक्यातच मिळते. खरखर काढण्याचे सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नये. ते टाळ्या आणि झांजा यांनाही खरखरच समजते.

वेगाचा प्रश्न सर्वांत किचकट आहे. रेकॉर्डर चार-सहा सेलवर चालत असे. कार्यक्रम लांबला की सेल उतरत, मोटर मंदावे, आणि मंद वेगाने भरलेली फीत आज योग्य वेगाने वाजवली की गायक चढ्या पट्टीत आणि घाईत गातो. हा फरक बाजूच्या शेवटी वाढत जातो, म्हणून एकच दुरुस्ती सगळीकडे लावून भागत नाही. सुमारे सहा टक्के वेग वाढला की सूर अर्धा पडदा वर जातो. अनेक चाहते वर्षानुवर्षे सांगतात, “त्या दिवशी त्यांनी हे गाणे फार जलद म्हटले होते.” कधी खरेच म्हटलेले असते, कधी सेल उतरलेले असतात.

हे ठरवायला परदेशातल्या पुस्तकी सल्ल्यानुसार विजेची घरघर वापरतात. ॲम्प्लिफायरमधून ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुप्पट, १०० हर्ट्झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आली असेल तर ती मोजायची. ५१.५ दिसली तर फीत तीन टक्के जलद. आपल्याकडे मात्र एवढ्यावर विसंबू नये. ऐंशी-नव्वदच्या दशकात संध्याकाळच्या मागणीच्या वेळी ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९ च्याही खाली जात असे. मोकळ्या मैदानातले कार्यक्रम तर डिझेल जनरेटरवर होत, आणि दिवे एकदम लागले की जनरेटर दबे. त्यामुळे घरघरीला नेहमी कीबोर्डची साथ घ्यावी. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि सिंथेसायझर कारखान्यातून ‘ए ४४०’ला, म्हणजे ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झला, लावलेले येतात आणि सहसा कोणी बदलत नाही, बाकीची वाद्ये त्यालाच जुळवली जातात. संगणकावर त्या सुराची फ्रिक्वेन्सी मोजा. ४४० च्या जागी ४५३ दिसत असेल तर साधारण तीन टक्के. बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशी तीन ठिकाणी मोजणी करून दुरुस्ती प्रतीवर करावी. दुरुस्ती ‘स्पीड’ची करायची. सूर तसाच ठेवून लांबी बदलणारी सोय इथे चुकीची आहे. मूळ फाइल तशीच राहू द्यावी, पुढे कोणाला अधिक चांगले जमेल.

डेकचा स्वतःचा वेग त्याआधी ३१५० हर्ट्झच्या चाचणी कॅसेटवर तपासलेला असावा, नाहीतर वरची सगळी मोजमापे वाया जातात. चाचणी कॅसेट नसेल तर मोटरच्या पाठीमागच्या छिद्रातला स्क्रू अंदाजाने फिरवू नये.

गोदावरीच्या पुरात भिजलेल्या कॅसेटबद्दल वेगळे सांगायला हवे. २००८ आणि २०१६ च्या पुरानंतर सराफ बाजार, भांडी बाजार या भागांतल्या काही घरांत अशा कॅसेट अजून तशाच पडलेल्या असतील. फितीवर वाळलेला गाळ हेडखाली सँडपेपरचे काम करतो. म्हणून आधी कवच उघडून गुंडाळी डिस्टिल्ड पाण्यात हलकेच बुडवून गाळ जाऊ द्यावा, मग सावलीत, पंख्याच्या झोताबाहेर, दोन-तीन दिवस वाळवावी. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. असे काम पहिल्यांदा स्वतःच्या मौल्यवान कॅसेटवर करू नये, जाणकाराकडे द्यावे.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग बँड लिहावा. तारीख पक्की नसेल तर तिच्या जागी शून्ये घालावीत, अंदाज लिहू नये. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या घरात. पेनड्राइव्ह ही प्रत समजू नये. कॅसेट फेकू नका. ती पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा.

फोटोंबद्दल थोडक्यात. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चार-पाच मीटरपलीकडे पोचत नाही, म्हणून कार्यक्रमाच्या फोटोंत पुढच्यांची डोकी उजळ आणि स्टेज काळे दिसते. अशा प्रिंटवरून निराश होऊ नये, निगेटिव्ह शोधावी. तिच्यात प्रिंटपेक्षा बरेच जास्त असते. प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिल वापरावी. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत, पानासकट स्कॅन करावेत. तिकिटे लॅमिनेट करू नयेत. अलीकडची तिकिटे उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात, लॅमिनेशनच्या यंत्रात ती पूर्ण काळी पडतात.

आणि एक कायदेशीर बाब. हे रेकॉर्डिंग घरी जपणे आणि इंटरनेटवर टाकणे यांत फरक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क पुढील वर्षारंभापासून ५० वर्षे चालतो. म्हणजे १९९६ मधल्या कार्यक्रमासाठी २०४६ च्या अखेरपर्यंत. गीतकार-संगीतकारांचे हक्क त्याहून वेगळे. आवडत्या बँडवर प्रेम आहे म्हणून त्यांच्या परवानगीविना अपलोड करू नये. स्थानिक ऑर्केस्ट्रातले वादक तर गावातच असतात. त्यांना विचारावे, प्रत द्यावी. स्वतःचे तरुणपणीचे वाजवणे त्यांच्यापैकी अनेकांनी कधी ऐकलेलेच नसते.

आपल्या वृत्तपत्राकडे आमच्या दोन मागण्या आहेत. यापुढे आठवणी छापताना प्रत्येकीखाली चार गोष्टी द्याव्यात : जागा, तारीख किंवा तिचा पुरावा, लिहिणाऱ्याने हे कॅसेट वा व्हिडिओ पाहण्याआधी लिहिले की नंतर, आणि त्याच्याकडे कोणती वस्तू शिल्लक आहे. दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. कार्यक्रमाची तारीख, वेळ, तिकिटाचे दर आणि तिकिटे मिळण्याची ठिकाणे सर्वांत विश्वासार्हपणे सापडतात ती त्या वेळच्या वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत. बातम्या जपल्या जातात, त्या जाहिरातींकडे कोणी पाहत नाही. आपल्या जुन्या अंकांतली १९७० ते २००० या काळातली मनोरंजनाच्या जाहिरातींची पाने, निदान गणेशोत्सव आणि दिवाळीच्या आसपासची, स्कॅन करून वाचकांना पाहण्यासाठी खुली करावीत. कालिदास कलामंदिर, साईखेडकर नाट्यगृह, गोल्फ क्लब मैदान, डोंगरे वसतिगृहाचे मैदान इथे कोण कधी वाजवून गेले, याची यादी त्यातूनच उभी राहू शकेल. आणि १८४० पासून पुस्तके जपत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाने या फायलींची एक प्रत ठेवण्यासाठी एखादी हार्ड डिस्क आणि एक जबाबदार व्यक्ती नेमावी, अशी त्यांनाही आपल्यामार्फत विनंती. पाच हजार कॅसेट साठ मिनिटांच्या धरल्या, तरी ९६ किलोहर्ट्झला त्या सुमारे दहा टीबीत मावतात. एका हार्ड डिस्कचा प्रश्न आहे, अधिक तिच्या दोन प्रती.

कळावे,
आपले,
नाशिकमधील काही ध्वनिसंग्राहक